एका पात्यात किती दाढ्या

दाजी खरं तर एकाच माणसाचे दाजी. बायकोला एकुलता एक भाऊ, आणि तो कॉलेजात असताना रोज संध्याकाळी यांच्या सलूनमध्ये येऊन पेपर वाचत बसायचा. ‘दाजी, पंखा वाढवू का? दाजी, हे वाचलंत का?’ असं त्याचं चालायचं. गिऱ्हाइकांनी ते उचललं, आणि बघता बघता दाजी अख्ख्या रस्त्याचे दाजी झाले. समोरचा घड्याळजी त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठा, पण तोही त्यांना दाजीच म्हणायचा.

सलून दोन खुर्च्यांचं. त्यातली डावी खुर्ची हळूहळू खाली बसायची. केस कापायला सुरुवात करताना गिऱ्हाईक आरशात पोटापर्यंत दिसे आणि संपताना फक्त डोळे दिसत. ती दुरुस्त करायची म्हणून दाजी सहा वर्षं म्हणत होते. म्हणण्यात दाजींचा हात कोणी धरला नसता. जगातल्या सगळ्या विषयांची त्यांना माहिती होती, आणि ती समोरच्याच्या गळ्यावर वस्तरा असताना द्यायची त्यांची पद्धत असल्यामुळे आजवर कोणी हरकत घेतली नव्हती.

तर हा मेहुणा आता वायरमन झाला होता. जुन्या शाळेची सगळी वायरिंग बदलायचं काम त्याला मिळालं आणि दोन महिन्यांसाठी तो बहिणीकडे राहायला आला. पहिल्याच दिवशी जेवणं झाल्यावर तो म्हणाला,

“ताई, दाजी, एक सांगायचंय. मला एचआयव्ही आहे. तीन वर्षं झाली. रोज एक गोळी घेतो, तब्येत ठणठणीत आहे. तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगतोय.”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं भावाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. “तीन वर्षं! आणि मला आज सांगतोस?” असं म्हणून तिनं तो नको नको म्हणत असताना त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

दाजी म्हणाले, “अच्छा, अच्छा.” त्यांची नजर मेहुण्याच्या ताटावरून पाण्याच्या तांब्यावर आणि तांब्यावरून स्वतःच्या पेल्यावर गेली. त्या पेल्यातलं अर्धं पाणी ते आधीच प्यायले होते.

“पण झाला कसा?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“जसा लोकांना होतो तसा, दाजी. काळजी घ्यायला हवी होती, घेतली नाही. बस.”

बायकोनं नवऱ्याकडे असं काही बघितलं की दाजींनी तो विषय तिथेच सोडला. तोंडानं सोडला, एवढंच. मनातून सुटला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कोणी नाही असं बघून दाजींनी बायकोच्या लाल नेलपॉलिशची बाटली काढली. एक कप, एक पेला, एक ताट आणि एक वाटी निवडली आणि प्रत्येकाच्या बुडाला बारीकसा ठिपका लावला. हा सेट मेहुण्याचा. चहा गाळायचं काम त्यांनी आपण होऊन स्वतःकडे घेतलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्यात त्यांनी एकदाही चहा गाळला नव्हता. बायकोला संशय येणार नाही, असं त्यांना का वाटलं, ते त्यांनाच माहीत.

दाढीचं मात्र एवढं सोपं नव्हतं. मेहुण्याची पहिली दाढी दाजींनीच केली होती, आणि तो गावात असला की रविवारी सकाळी त्यांच्याच खुर्चीत बसायचा. मधली तीन वर्षं मात्र तो इकडे फिरकलाच नव्हता. त्या रविवारीही तो आला आणि टॉवेल गळ्याशी खोचून बसला.

“आज नको रे,” दाजी म्हणाले. “वस्तऱ्याला धार नाही.”

मेहुण्यानं वस्तऱ्याकडे बघितलं. त्यात पातं घालतात. धार लावायचा वस्तरा त्या दुकानातून जाऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि हे त्याला ठाऊक होतं. त्यानं टॉवेल काढून घडी घातली. बुधवारी तो पुन्हा आला, तेव्हा दाजींचा हात दुखत होता. त्याच हातानं ते घड्याळजीच्या डोक्याला मालिश करत होते. त्यानंतर मेहुण्यानं दाढीचं नाव काढलं नाही. घरी नळाजवळ छोटा आरसा टेकवून तो स्वतःची स्वतः करू लागला. दाजींना बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं, पण बरं जास्त वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी दाजींनी चहा ओतण्याआधी सवयीप्रमाणे आपला कप उलटा करून बघितला. बुडाला लाल ठिपका. अरे, हा त्याचा, म्हणून त्यांनी दुसरा उचलला. ठिपका. तिसरा, ठिपका. त्यांनी पेले बघितले, ताटं बघितली, मग चमचे, गाळणी, कुकरचं झाकण, पाण्याचा तांब्या, बादली. सगळ्यांना ठिपके. स्वतःच्या दातांच्या ब्रशलाही होता. शेवटी त्यांनी चप्पल उलटी केली, तर टाचेखाली ठिपका.

बायको ओट्याला टेकून उभी होती. “माझी बाटली संपली,” ती म्हणाली. “येताना नवी आणा.”

“अगं, पण यातला त्याचा कप कोणता?”

“सगळे.”

“हे कधीपासून?”

“सगळ्यांना काल रात्री लावले. पण तुमचा ठिपका पुसून दुसऱ्या कपाला लावतेय ती तुम्ही लावलेत त्याच संध्याकाळपासून. आठ दिवस झाले. आहात ना जिवंत?”

दाजींनी मनात चहा मोजले. दिवसाचे दोन धरले तरी सोळा. “तुला काही कळतं का? हा जिवाशी खेळ आहे!”

“खेळ तुम्ही मांडलात. मी फक्त रंग पुरवला.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून मेहुणा बाहेर आला. हातात पक्कड-पान्यांची पिशवी, खांद्याला कपड्यांची बॅग. त्यानं सगळं ऐकलं होतं हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. “दाजी, शाळेत एक खोली रिकामी आहे,” तो अगदी सहज म्हणाला. “काम जवळ पडेल. तिथेच राहतो.” बहिणीनं त्याचा हात धरला, तो त्यानं हळूच सोडवला आणि गेला.

बायकोनं दार लावलं नाही. उघड्या दाराकडे बघतच ती बोलली. “आता नीट ऐका. तो परत या घरात येईल तो तुम्ही आणल्यावर. आणि तुम्ही आणलं नाहीत, तर पुढच्या रविवारनंतर मी तिकडे राहायला जाईन. शाळेत खोल्या पुष्कळ आहेत.”

ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. दाजींना मेहुण्याला आणायला जायचं होतं, पण त्याआधी त्या सोळा चहांचं काय ते कळायला हवं होतं. म्हणून त्यांनी दुकानावर ‘थोड्या वेळात येतो’ची पाटी लावली, कानटोपी घातली, तीही भर उन्हात, आणि सरकारी दवाखान्याची वाट धरली.

तिथे एचआयव्ही तपासणीच्या खोलीबाहेर एक बाक होतं. बाकाच्या वर, डोक्यामागे बरोबर मावेल अशी, त्या खोलीची भलीमोठी पाटी होती. त्या पाटीखाली दाजी कानटोपीत बसले आणि शेजारून आवाज आला, “काय दाजी, इकडे कुठे?”

त्यांच्या दुकानाला लागून असलेला इस्त्रीवाला! बोट भाजलं म्हणून पट्टी करायला आला होता. त्यानं दाजींकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं, मग पाटी मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचली.

“सहजच,” दाजी म्हणाले. त्या बाकावर आजवर सहज कोणी बसलं नसेल.

आत समुपदेशन करणाऱ्या बाई होत्या. साध्या, हसऱ्या. टेबलावर रजिस्टर, पाण्याची बाटली आणि एक उभी लाकडी वस्तू. काय बोलावं ते सुचेना म्हणून दाजींनी ती हातात घेतली आणि कौतुकानं फिरवून बघितली. “छान आहे. ब्रशची मूठ का? आमच्याकडे प्लॅस्टिकच्या मिळतात.”

“निरोध कसा वापरायचा ते त्यावर दाखवतो आम्ही,” बाई म्हणाल्या.

दाजींनी ती वस्तू जिथे होती तिथे, होती तशी, दोन बोटांनी ठेवली. पुढचा सगळा वेळ त्यांचे दोन्ही हात मांडीखाली होते.

“बोला. मोकळेपणानं बोला. इथलं बोलणं बाहेर जात नाही.”

“मॅडम, माझ्याकडून चूक झाली. म्हणजे माझ्या बायकोनं घडवून आणली.”

बाईंच्या भुवया वर गेल्या. “किती वेळा?”

“सोळा.”

“कोणाबरोबर, माहीत आहे?”

“मेहुण्याबरोबर. म्हणजे एकाच वेळी नाही हो. तो पिऊन गेल्यावर.”

“पिऊन?”

“चहा! कपानं!”

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पाण्याचा एक घोट घेतला. हसू गिळायला त्यांना दोन घोट लागले. मग दाजींनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, ठिपक्यांसकट, आणि बाईंनी शांतपणे समजावलं. हा विषाणू कपातून येत नाही. ताटातून, टॉवेलमधून, घामातून, खोकल्यातून, डास चावून, मिठी मारून, काही काही करून येत नाही. शरीराबाहेर तो फार तग धरत नाही. तो पसरतो तो निरोध न वापरता ठेवलेल्या संबंधातून, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, आणि उपचार मिळाले नाहीत तर आईकडून बाळाला.

“आणि तुमचे मेहुणे गोळ्या घेतात ना? रोज?”

“रोज. घड्याळ लावून.”

“रक्तातला विषाणू मोजतात का?”

“तो म्हणतो, आता मोजण्याइतकाही सापडत नाही.”

“आणि तो तसाच राहिला तर संबंधातूनही त्यांच्यापासून कोणाला होत नाही. उद्या लग्न केलं तर बायकोलाही नाही. तुम्ही चहाचं काय घेऊन बसलात?”

दाजींच्या जिवात जीव आला. ते उठणार, तेवढ्यात बाई रजिस्टर ओढून म्हणाल्या, “काम काय करता?”

“सलून आहे.”

“अस्सं? एका पात्यात किती दाढ्या करता?”

दाजींच्या अंगात कारागिराचा अभिमान संचारला. “एका पात्यात? मॅडम, मी पातं कागदातच कडकन मोडतो. अर्धं वस्तऱ्यात, अर्धं खणात. एका अर्ध्यात तीन तर सहज. दाढी मऊ असेल तर चारही. हात हलका लागतो त्याला.”

“आणि कापलं तर?”

“तुरटी फिरवतो.”

“तुरटीचा खडा प्रत्येकाला वेगळा?”

“छे! तोच. चांगला आठ महिने पुरतो.”

बाईंनी रजिस्टर मिटलं. आता त्या हसत नव्हत्या. “म्हणजे ज्यातून काहीच होत नाही, त्या कपाला तुम्ही ठिपका लावला. आणि एकाच्या रक्ताचं पातं दुसऱ्याच्या गालावर फिरवता, त्याला मात्र ठिपका नाही. एचआयव्ही त्यातून जायची शक्यता कमी असते, पण असते. आणि रक्तातून पसरणारी कावीळ तर पात्यावर बसून आरामात जाते. अहो, तुमच्याकडे धोका आहे, पण तो मेहुण्याचा नाही.”

दाजींचा चेहरा पडला. आजवर वस्तऱ्याखालच्या कोणीही त्यांना असं सुनावलं नव्हतं, आणि आज तर त्यांच्या हातात वस्तराही नव्हता. स्वतःचंही बोट कितीदा तरी कापतं म्हणून बाईंनी त्यांचं रक्त तपासून घेतलं. अर्ध्या तासानं कागद मिळाला. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. येताना त्यांनी पात्यांचं मोठं पाकीट आणि कापूस घेतला, दुकानात शिरल्या शिरल्या खणातली सगळी अर्धी पाती एका जाड डब्यात टाकली आणि तुरटी फेकून दिली. नेलपॉलिश आणायचं विसरले.

पण इस्त्रीवाला त्यांच्या आधी पोहोचला होता. आता गंमत बघा. हा आजार ज्या ज्या मार्गांनी पसरत नाही, त्या झाडून सगळ्या मार्गांनी ती बातमी पसरली. हातात हात घेताना पसरली, एका कपात दोघांनी चहा घेताना पसरली, शेजारी बसून पसरली, खोकता खोकता पसरली. संध्याकाळपर्यंत दाजींना एचआयव्ही झाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते फार दिवसांचे सोबती उरले नव्हते.

घड्याळजी अचानक दाढी राखू लागला. शाळेतले एक शिक्षक दारापर्यंत आले, ‘अरे, पाकीट विसरलो’ म्हणाले आणि खिशातलं पाकीट चाचपत परत गेले. दाजींनी मग तो दवाखान्याचा कागद आरशावर, सगळ्यांना दिसेल असा चिकटवला. त्यानं आणखीच घोटाळा झाला. ज्याला काही झालं नाही तो असा कागद कशाला लावेल, असं रस्त्याचं म्हणणं पडलं.

चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं बाकीच्यांना काचेच्या ग्लासात चहा दिला आणि दाजींना कागदी कपात. “तुमच्यासाठी स्पेशल,” तो म्हणाला आणि कप फळीवर ठेवून हात चटकन मागे घेतला.

दाजी तो कप घेऊन दुकानात आले. रिकाम्या खुर्चीत बसले. चहा गार होईपर्यंत त्यांनी तोंडाला लावला नाही. आठ दिवस मेहुण्यानं त्यांच्या हातचा चहा घेतला होता, आणि पहिल्या दिवशीच त्याला हे असं कळलं असणार. तरी तो रोज ‘मस्त झालाय, दाजी’ म्हणायचा. दाजींना स्वतःची इतकी लाज वाटली की आरशासमोर बसवेना. त्यांनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. खुर्ची डावी होती, त्यामुळे ते हळूहळू खालीही गेले.

ते दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आले. आज आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून आलो असं त्याला वाटेल, हा विचार आला की पाय मागे वळत. दुसऱ्यांदा तर रखवालदारानं हटकलं, तेव्हा “प्रवेश कधी सुरू होतात?” एवढंच विचारून बावन्न वर्षांचे दाजी माघारी फिरले. आणि तो रविवार उजाडला. बायकोची बॅग भरून दाराशी तयार होती.

दाजी दुकान उघडून बसले. दहा वाजले, अकरा वाजले. एरवी रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. साडेअकराला समोरून मेहुणा आला. रस्ता ओलांडून, इस्त्रीवाल्याच्या आणि घड्याळजीच्या डोळ्यांदेखत, सरळ दुकानात शिरला. आठवड्याची दाढी वाढलेली.

“दाजी, तुम्हाला झालाय म्हणे.”

“झाला नाही! हा कागद बघ!”

“बघितला. बाहेरून दिसतो.” त्याला हसू आवरेना. मग तो उजव्या खुर्चीत बसला आणि त्यानं टॉवेल गळ्याशी खोचला. “तुमची काही हरकत नसेल तर दाढी करा. मला तुमची भीती नाही वाटत.”

दाजींनी वस्तरा बाजूला ठेवला. “थांब,” ते म्हणाले. “आधी मला बोलू दे. मी चुकलो. चहा गाळत होतो तेव्हाच मला ठाऊक होतं की हे वाईट आहे. तरी केलं. भ्यालो होतो, पण नुसता भ्यालो असतो तर तुला विचारलं असतं. मी तुला माणसातून काढलं.”

मेहुणा आरशातून त्यांच्याकडे बघत होता. “साबण लावा,” तो हळूच म्हणाला.

दाजींनी नव्या पाकिटातलं पातं काढलं. मोडलं आणि अर्धं त्याच्यासमोर वस्तऱ्यात घातलं, उरलेलं अर्धं डब्यात टाकलं. साबण लावला. गाल झाला, हनुवटी झाली आणि कानाखाली येताना पातं किंचित चावलं. पांढऱ्या फेसात लालबुंद थेंब उमटला.

दुकानाबाहेर आता चार-पाच जण थबकले होते. मेहुणा अंग आक्रसून बसला. दाजींनी थेंब बघितला, “चुकलं रे,” म्हणाले, कापसाचा बोळा त्याच्या हातात दिला आणि “दाबून धर,” सांगितलं. पातं डब्यात टाकलं, नळावर जाऊन साबणानं हात धुतले, नवं पातं घातलं आणि त्याची हनुवटी पुन्हा बोटांनी उचलली. उद्या घड्याळजीचं कापलं तरी ते हेच करणार होते.

“दाजी,” मेहुणा डोळे मिटून म्हणाला, “तीन वर्षांत माझ्या तोंडाला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता.”

दाजींनी दाढीचा दुसरा हात फिरवायला म्हणून पुन्हा साबण लावला. खरं तर गरज नव्हती. मग त्यांनी कपाळ चोळलं, भुवयांवरून अंगठे फिरवले, मानेला मालिश सुरू केली.

दारात सावली पडली. इस्त्रीवाला उभा होता, बोटाला पट्टी, नजर जमिनीवर. बराच वेळ चुळबुळ करून त्यानं विचारलं, “दाजी, किती वेळ लागेल?”

“बसा,” दाजी म्हणाले. “घरचा माणूस आहे, वेळ लागेल.”